पिस्ता रंगाची इम्पाला विकणे आहे

१७ नोव्हेंबर, रविवार. उपासनेनंतर.
राहेल काल सकाळच्या एसटीनं दौंडला भावाकडे गेली. भांडण नाही. मतभेद. जाताना एवढंच म्हणाली, की माझी ही सवत शेडमधून निघाली की फोन करा, तोवर करू नका.

सवत म्हणजे आपली इम्पाला. शेवरोले, १९६२, टप उघडणारी. मिशनच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना आमच्या आण्णांना, म्हणजे त्यांच्या कंपाउंडरला, देऊन गेल्या. पुढे तीस वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिचा जीर्णोद्धार केला. राहेलचं म्हणणं, कोंबड्या होत्या तेव्हा निदान अंडी तरी मिळायची.

तिला त्या शेडमध्ये मेस काढायचीय. रांजणगावच्या कंपन्यांच्या बस दारावरून जातात, पोरं उपाशी ड्युटीला जातात, वगैरे. मुद्दा मान्य. गाडी नाताळच्या आत विकायची. आठवडासुद्धा पुष्कळ झाला.

१८ नोव्हेंबर
जाहिरात लिहिली. जन्मभर संस्कृत शिकवल्याचं फळ. 'रसिकांस सुवर्णसंधी! पुनरुज्जीवित, अनावृतमस्तका, गजगामिनी अमेरिकन मोटार सत्पात्री देणे आहे.' आपण साप्ताहिकाचे शिरूरचे वार्ताहर, त्यामुळे चौकट ठळक मिळाली. संपादक म्हणाले, जॉर्ज सर, विकायचीय की दान करायचीय तेवढं कळवा.

२० नोव्हेंबर
तीन फोन. एकाने ॲव्हरेज विचारलं. दुसऱ्याने उसाची ट्रॉली ओढेल का विचारलं. तिसरा शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, सर, मी तुमचाच विद्यार्थी. आत्ता बी काय कळलं न्हाई, तवा बी कळत नव्हतं.

संकल्प: अपात्रांना गाडी दाखवायचीसुद्धा नाही.

पप्पू मेस्त्री म्हणाला, सर, राहू द्या, मी मोबाईलवर फोटो टाकतो, उघडी गाडी आहे म्हणून. पप्पू प्रामाणिक. मूळ इंजिन मिळेना तेव्हा त्यानेच टेम्पोचं बसवलं. मी म्हटलं, आत्मा तोच, देह बदलला. तो म्हणाला, सर, उलटं झालंय, देह तोच हाय, आत्मा टेम्पोचा हाय. टप मात्र एकदा उघडला तो मिटत नाही. मोकळेपणा हा तिचा स्वभाव.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळ.
पहिलं खरं गिऱ्हाईक! इनामगावचे हौसराव. बागायतदार. म्हणाले, ट्रायल म्हणून गावातनं एक चक्कर मारून बघतो. डाव्या हाताचं स्टिअरिंग माझ्याखेरीज फक्त पप्पूलाच जमतं, म्हणून तो सोबत गेला. सकाळी गेलेली गाडी दिवेलागणीला आली. ट्रायल कसून घेतली म्हणायची.

सीटवर गुलाल. चौकशी केली. योगायोगाने त्यांचा पुतण्या विक्रम आजच फौजदार झाल्याचं गावात कळलं, आणि गाडी तिथं होतीच. किती शुभ! हौसराव पेढे देऊन म्हणाले, कळवतो.

राहेलला फोन केला. गेली का, असं तिनं विचारलं. म्हटलं, बोलणी अंतिम टप्प्यात आहेत. तिनं ठेवला.

२४ नोव्हेंबर
हौसरावांनी कळवलं नाही. मोठे व्यवहार वेळ घेतात.

स्वयंपाक करतोय. खिचडी कुकरला लागली. कुकर चुकीचा असावा.

२९ नोव्हेंबर
दुसरं गिऱ्हाईक. वीस वर्षं सीमेवर राहून निवृत्त झालेला जवान. त्यांचीही ट्रायल गावातूनच, पुढे बँजो पार्टी. रेडिएटरच्या जाळीत झेंडूच्या माळा निघाल्या. बॉनेटवर तिरंगा विसरले होते, तो नीट घडी करून ठेवला. शिस्तीचा माणूस. घेणार.

पप्पूने नवी मोटरसायकल घेतली. माणूस काटकसरी असला की होतं.

४ डिसेंबर
तिसरं. ट्रायलहून गाडी आली ती हळदीने माखून. चाकाला लिंबू, सीटच्या फटीत अक्षता. आता निदान स्पष्ट आहे: हे लोक वस्तू घेण्याआधी तिची साग्रसंगीत पूजा करतात. म्हणजे सौदा झाल्यातच जमा. शेड झाडून ठेवली. राहेलच्या चुलीसाठी जागा खडूने आखली.

५ डिसेंबर
पूजा करणाऱ्यांचा फोन लागत नाही.

राहेलचाही लागत नाही. मेहुणा ब्लेसन उचलतो. म्हणतो, दाजी, ताई कामात हाय. कसलं काम विचारलं तर हसला. बिचारी दुःख विसरण्यासाठी कामात गुंतवून घेत असेल.

८ डिसेंबर, रविवार
उपासनेत पाळकसाहेबांनी संयमावर प्रवचन दिलं. माझ्याकडे बघून. बाहेर पडल्यावर आवाबाई म्हणाल्या, राहेलबाई नाताळच्या करंज्या दरसाल पाठवायच्या, यंदा तुम्हीच करणार का? म्हटलं, राहेल आठवडाभरात येतेय. त्या म्हणाल्या, व्हय व्हय.

घरी येऊन करंजीचं सारण करून बघितलं. चांगलं झालं. ते बाहेर येत राहिलं एवढंच.

बाथरूममध्ये तिची तेलाची बाटली तशीच आहे. ती नेली नाही. याचा अर्थ यायचंच आहे. की नवी घेतली असेल? हा विचार जेवणानंतर करू नये.

संकल्प: पुढचं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही. आपण स्वतः ट्रायलला जायचं आणि तिथंच शब्द घ्यायचा.

११ डिसेंबर
दैव अनुकूल! खुटबावचे हौशीराम मामा. त्यांना ट्रायल दौंडातच हवीय. पप्पू म्हणाला, माझा हात भाजलाय, सर, उद्या तुम्हीच चालवा, लई सावकाश चालवायचीय. दौंड! राहेलच्या गावात गाडी विकायची आणि त्याच पावली तिला घेऊन यायचं. कोट इस्त्रीला दिला.

१२ डिसेंबर. दौंड.
क्रमाने लिहितो.

मामांनी आल्याबरोबर मला फेटा बांधला. पाहुणचार असावा. मग मागे एक तरुण चढून टपाच्या कडेवर बसला, नाव रुद्र, डोक्याला मुंडावळ्या. मी म्हटलं, स्प्रिंगा तपासताय का? तो म्हणाला, काका, डीजेच्या मागं मागं घ्या. पुढे चारशे माणूस नाचत होता. ट्रायलला एवढी भावकी कशाला आणतात, हा प्रश्न मला तिथंच प्रथम पडला.

मामांना किमतीचं विचारलं. मामा म्हणाले, कसली किंमत सर? भाडं तर पप्पूला कवाच दिलंय. हौसरावानी दिलं, फौजी भाऊनी दिलं, तेवढंच आमीबी दिलं. घासाघीस केली न्हाई.

त्यानंतर डीजेचं काही ऐकू आलं नाही.

वरातीच्या चालीने टेम्पोचा आत्मा तापला. चौकात वाफ आली आणि गाडी थांबली. रुद्र उतरून चुलत्याच्या खांद्यावर बसला, वरात पुढे गेली. मी फेट्यात, गुलालात, एकटा. पोरांनी गाडी ढकलून कडेला, एका दुकानासमोर लावली. वर ताजी पाटी: 'राहेल घरगुती मेस'.

ती पळी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. म्हणाली, विकायला निघाला होता का मिरवायला? मी म्हटलं, ट्रायल होती. ती म्हणाली, कुणाची? तुमची?

मग पाण्याची घागर आणली. आधी रेडिएटरला, मग मला.

मी म्हटलं, राहेल, शेड रिकामी झालीय, खडूने आखून ठेवलंय, चल. ती म्हणाली, अहो, मला हितं रेल्वेची माणसं जेवायला येतात, ब्लेसननं गाळा बघून दिला, मी शेडची वाट कशाला बघू? असं म्हणून आत गेली. भाताचं आधण उकळत होतं.

मी बाहेर उभा. पप्पूचा फोन बंद.

बऱ्याच वेळाने आतून ओरडली, जेवला का? एवढंच. म्हटलं, नाही. सकाळपासून नाही. खरं तर नोव्हेंबरपासून नाही. हे शेवटचं मनात.

१६ डिसेंबर
इंजिन गेलं. नव्या मेस्त्रीने टोपण काढलं, बघितलं, आणि परत लावलं. चार दिवस ब्लेसनकडे. तात्पुरता.

१९ डिसेंबर
शिरूरला जाऊन कपडे आणले. तात्पुरते. शेडमध्ये डोकावलो. रिकामी. खडूच्या रेघा कोंबड्यांनी पुसल्या.

२५ डिसेंबर. नाताळ.
सकाळी उपासना, मग मेस. नव्याने झालेली व्यवस्था नमूद करतो.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं: राहेल. मोबदला: दोन वेळचं जेवण. गाडी मेसच्या दारात उभी असते. वर ताडपत्री. पुढची सीट उलटी फिरवून मधे टेबल टाकलंय. आत सहाजण जेवतात, त्याला ती फॅमिली रूम म्हणते. रेल्वेचे गार्ड आधी तिथंच जागा धरतात. करंज्या तिनेच केल्या. एकीतूनही सारण बाहेर आलं नाही.

म्हणजे जाहिरात, ट्रायल, सगळं मिळून हेच साधायचं होतं. योजना पहिल्यापासून बरोबर होती, फक्त तपशील बदलला.

दुपारी गर्दीत एक पुण्याचा गॉगलवाला आला. गाडीभोवती दोनदा फिरला. बॉनेटवर हात फिरवून म्हणाला, इम्पाला! बासष्टची! काका, विकायची आहे का? सांगाल ती किंमत देतो.

पहिला रसिक. मी हातातली आमटीची बादली खाली ठेवली.

राहेल आतून म्हणाली, गाडी न्हाई द्यायची, गिऱ्हाईक बसतं तीत. वाढप्या न्यायचा असंल तर बघा, संस्कृत येतं त्याला.

तो हसला. सगळेच हसले. चार नंबरला आमटी पाहिजे होती.