चार डोळ्यांचा खंड्या

कडाव, डिसेंबर १९२८

प्रिय गजा,

कराचीच्या बोटी वेळेवर येतात असं ऐकतो, पण त्यांतून तू काही उतरत नाहीस. यंदाच्या गणपतीतही तुझ्या वाटणीचे मोदक खंड्यानेच खाल्ले.

खंड्या म्हणजे तू गेल्यावर पाळलेला काळा कुत्रा. दोन्ही डोळ्यांवर एकेक तपकिरी ठिपका, त्यामुळे चार डोळ्यांचा दिसतो. दूध घालणारी ठकी त्याला पाहून अंगणातच थबकते. ‘मास्तर, यमाचं कुत्रं हाय ते, घालवा त्याला,’ म्हणते. शाळा सुटली तरी माझी मास्तरकी सुटलेली नाही. मी तिला सांगतो, यमाचे कुत्रे वेदातही चार डोळ्यांचेच आहेत, पण ते मेलेल्यांना वाट दाखवतात. आणि धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला तयार नव्हता. ती सगळं ऐकून घेते आणि दूध बाहेरच ठेवून जाते.

असलं बोलायला नदीकाठच्या बंगल्यातले होरमसजी होते. म्हणायचे, ‘मिसर देशात मेलेल्यांचा देव कुत्र्याच्या तोंडाचा. आमच्या जुन्या इराणात परलोकाच्या पुलावर कुत्रे राखण करतात. तुमचा नि आमचा कुत्रा एकच, मास्तर.’ संध्याकाळ कशी सरायची कळायचं नाही. श्रावणात ते गेले. त्यांच्या पारशी रिवाजाप्रमाणे प्रेतावर चार डोळ्यांच्या कुत्र्याची नजर पडावी लागते, म्हणून त्यांचा भाचा खंड्याला न्यायला आला. गावात खंड्याला दगड बसतात. बंगल्यात मात्र सगळे त्याच्यासाठी खोळंबले होते. त्याने होरमसजींच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि बाहेर येऊन माझ्या पायाशी बसला. मला रडू आवरेना. तुझी आई आठवली. तू पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं, आणि शेवटपर्यंत तिची नजर दारावर होती.

आता दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. फार एकटं वाटतं रे. मागच्या आठवड्यात कर्जतच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि लगेच मुलाचा पत्ता विचारला, तेव्हा मी काय ते समजलो. खंड्या हल्ली अंगणात निजत नाही, माझ्या खाटेकडे तोंड करून बसतो. मला त्याची भीती नाही. वाट तो नीट दाखवील. फक्त त्याच्या चार डोळ्यांआधी तुझे दोन डोळे माझ्यावर पडू देत. मिळेल ती बोट धर.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच,
आप्पा