आईचा सोमवारचा पिक्चर

नाशिकरोड,
१४ ऑक्टोबर १९८७

प्रिय भिकन,

सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट मिळालं आणि त्यातलं आईचं तिकीटही मिळालं. ओझरचे कारभारी महिनाअखेरीस बायकोपोरांसह तुमच्या तिकडे ओरिसात, कोरापूटला परत निघालेत, त्यांच्या सोबतीनं आईला पाठवून दे, असं तू लिहिलंस. लेकीच्या घरी आईनं किती वर्षं राहायचं, लोक काय म्हणतील, असंही लिहिलंस. लोकांना काय रे, त्यांना बोलायला काहीतरी लागतंच. पण शकूनं आईसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली, तू मुद्दाम रंगीत टीव्ही घेतलास, हे वाचून खरंच भरून आलं. तिला पाठवायचं की नाही, त्याबद्दलच हे पत्र आहे. पण आधी मला तुला तुझ्या आईची ओळख करून द्यायचीय. हसू नकोस. तू सोडून गेलास ती आई आणि आज माझ्या ओट्यावर बसते ती आई, या दोन वेगळ्या बायका आहेत.

बाबांनी रेडिओ आणला ते दिवस आठवतात ना? आपण सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. त्यानंतर दोनेक वर्षांतच त्या तापात आईचे कान गेले. रेडिओवर नाटिका लागली की बाबा मांडीवर थाप मारून हसायचे, आपण दोघं लोळायचो, आणि आई चुलीपाशी बसून आपल्या तोंडांकडे बघत थोड्या वेळानं हसायची. मग तेही बंद झालं. आपण तिलाच हसतोय असं तिला वाटायला लागलं. एकदा तर ती उठली, रेडिओचा कान पिळला आणि भिंतीला टेकून उभी राहिली, आठवतं? त्यानंतर ती नळावर जाईना, विहारात येईना, कुणी दोन बायका बोलताना दिसल्या की दार लावून घ्यायची. तुलाही तिच्याशी ओरडून बोलायला लाजल्यासारखं व्हायचं, वयच तसं होतं तुझं. अख्खं घर ज्या डब्याभोवती जमायचं, त्याच डब्यानं आईला घराबाहेर काढलं, हे मला फार उशिरा कळलं.

तुझ्या दाजींनी टीव्ही घेतला तो चाळीतला पहिला. रविवारी संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. आई सगळ्यांच्या पुढे, पाटावर. आणि काय सांगू तुला, आई बरोबर वेळेवर हसत होती! कुणी पडलं की हसायची, कुणी मेलं की पदर डोळ्याला. इतक्या वर्षांनी आमच्या सगळ्यांसोबत, एकाच क्षणाला. मी पडदा सोडून तिच्याच तोंडाकडे बघत बसले होते.

खरी गंमत पुढंच आहे. शेजारच्या साळूबाईच्या नवऱ्याची दुसरी पाळी होती, त्याला डबा पोचवायचा होता म्हणून तिचा पिक्चर हुकला. सोमवारी दुपारी ती मला विचारायला आली. माझे हात पिठात. साळूबाईनं टीव्हीकडे बोट केलेलं बघून आईच तांदूळ निवडता निवडता सांगायला लागली. आवाज तर तुला माहीतच आहे, तिसऱ्या खोलीपर्यंत जातो. अगं बाई, मी आत तोंडाला पदर लावला! पिक्चरमधला वकील तिनं हिरॉईनचा मामा करून टाकला होता. पोलिसांचा छापा म्हणजे हिच्या हिशेबानं लग्नाची बोलणी. नावं ऐकू येत नाहीत, म्हणून सगळ्यांना ओळखीतली नावं. व्हिलन कोण, तर आपला रेशनवाला! आणि हिरो कुठलाही असो, गोरा असो की काळा, त्याचं नाव भिकन. लेका, तू आजवर किती वेळा फासावरून सुटलास, किती पोरींनी तुझ्यासाठी घर सोडलं, तुला कल्पना नाही. शकूला सांगू नको! पण साळूबाई हसली नाही रे. ती ढसाढसा रडली. म्हणाली, असा पिक्चर मी थेटरातसुद्धा नाही बघितला.

दुसऱ्या सोमवारी चौघी आल्या. मग ओटा पुरेना. ज्यांनी पिक्चर बघितला होता त्याही यायला लागल्या, कारण आईचा पिक्चर निराळा. त्यात घोटीची भातलावणी असते, सासवांचा जाच असतो, दूर गेलेलं पोर शेवटी घरी येतंच येतं. ती थांबली की पुढं काय म्हणून बायका हात वर करून पंजा हलवतात. तिला ओरडून विचारावं लागत नाही. चतुराबाईची सून माहेरी निघून गेली होती ना, ती अशाच एका सोमवारी परत आली. आईनं गोष्टीत त्या सासूला असं काही सोलून काढलं की चतुराबाई तशीच उठली आणि थेट सुनेच्या माहेरी गेली. आई मुद्दाम बोलली की काय, देव जाणे. मी विचारलं तर म्हणते, "मला बहिरीला काय कळतंय बाई?"

आता चाळीत घरोघर टीव्ही झालेत. रविवारी सात वाजता बाहेर बघशील तर कुत्रंसुद्धा दिसत नाही. प्रत्येकाचं दार लावलेलं, पडद्यामागं निळा उजेड. शेजारच्या पोराला ताप आला तरी दुसऱ्या दिवशी कळतं. दाजी आणि मीसुद्धा जेवताना एकमेकांकडे बघत नाही, खोटं कशाला बोलू. पण सोमवार दुपार मोडलेली नाही. आपापल्या घरात एकेकट्यांनी बघितलेलं सगळं घेऊन बायका आईकडे येतात. शिकलेल्या-सवरलेल्या कुणाला जमलं नसतं ते या कान गेलेल्या बाईनं केलंय. मला तिचा फार अभिमान वाटतो रे. मी तिची मुलगी आहे हे मी हल्ली मिरवते.

तुझं पाकीट आल्यावर मी तिला तिकीट दाखवलं, खुणांनी सगळं समजावलं. ती बरं म्हणाली. दोन लुगडी काढून घडी घालून ठेवली, शकूसाठी पापड लाटायला घेतले. चेहऱ्यावर काही नाही. परवा सोमवारी बायका जमल्या. आदल्या दिवशीचा पिक्चर कॉलेजातल्या पोरापोरींचा होता, नुसती नाचगाणी. मी पूर्ण बघितला होता, त्यात औषधालासुद्धा म्हातारी नव्हती. आईनं सुरुवात केली, "एक म्हातारी व्हती. तिचा भिकन लय दूर नोकरीला." भिकननं तिला आगगाडीत बसवून नेलं. पोरगा गुणाचा, सून गुणाची. वेळेवर जेवण, मऊ गादी, पुढ्यात रंगीत टीव्ही. इथं ती थांबली. साळूबाईनं हात वर केला. आई म्हणाली, "मंग काय? बसली बघत. लय चांगला टीव्ही. पर सांगती कुणाला?" आणि तांदळाचं सूप उचलून आत निघून गेली.

भिकन, राग मानू नकोस. तुझ्या मायेत काही कमी नाही, म्हणूनच हे लिहिणं जड जातंय. तिकीट सोबत परत पाठवतेय. तूच सुट्टी काढून शकूला घेऊन ये, चार दिवस राहा, सोमवारी ओट्यावर बायकांमध्ये मांडी घालून बस. हे पत्र आईनं लिहायला सांगितलेलं नाही. तिला कळलं तर मला रागावेल. तुझं मन राखायला ती उद्या गाडीत बसेल, तिथं जाऊन गप्प होईल आणि तुला कधी कळूसुद्धा देणार नाही. ती तुला नाही म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतेय.

तुझीच,
सुलाताई