ओझेलामावशीच्या नावाचं पाणी

कार्व्हर स्ट्रीट, ओहायो
२५ जून

प्रिय ओझेलामावशी,

तुझी तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे. गेले सहा दिवस मी ही आशा फार मनापासून करते आहे. कारण पुढे येईलच.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात. आपल्या वस्तीच्या केंद्राचं छप्पर तू असताना जिथे गळायचं, तिथेच गळतं. जूनटींथचा, आपल्या गुलामीमुक्तीच्या दिवसाचा, उत्सव छान झाला. ढोल वाजले, लाल सरबत संपलं. व्हर्बीनाने यंदाही बटाट्याच्या सॅलडमध्ये बेदाणे घातले आणि पातेलं भरलेलंच घरी परत नेलं. अलाबामात ऊन फार आहे का? बहिणीशी पटतंय ना?

मावशी, एक छोटीशी गोष्ट घडली.

पूर्वजांना पाणी देण्याचं काम यंदा माझ्याकडे होतं. गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं, कुंडीत पाणी सोडायचं, लोकांनी ‘आशे’, म्हणजे तथास्तु, म्हणायचं. माझी आई, आशे. न्हावी मिस्टर क्लीटस, आशे. मध्येच तुझं नाव आलं. यादीची पानं मागेपुढे झाली असावीत. चारशे लोक एका सुरात ‘आशे’ म्हणाले. थोडक्यात, त्या दुपारपासून तू वारलेली आहेस.

मी लगेच सांगणार होते, पण व्हर्बीनाने हंबरडा फोडला. जन्मभर तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारी बाई! “शेवटपर्यंत मला पीच कॉबलरची कृती दिली नाहीस गं!” म्हणून ती रडत होती. मग मला तोंड उघडवेना.

दुसऱ्या दिवशी आपल्या चर्चचे डीकन ल्यूशस टी-शर्ट छापून घेऊन आले. तुझा फोटो, मागे ढग, दोन्ही बाजूंना पंख. फोटोत तू कुणावर तरी ओरडते आहेस.

“हाच फोटो का?” मी विचारलं.

“ओरडत नसतानाचा तिचा फोटो कुणाकडे असला तर आण.”

कुणाकडेच नव्हता.

मग नगरसेवक पेटिफर्ड आला. आठ नंबरची बस बंद करू नका म्हणून आपण दोन वर्षं अर्ज करतोय. डायलिसिसला जाणारी म्हातारी माणसं त्या बसवर आहेत. त्याने एकदाही भेट दिली नव्हती. आता टायवरूनच तुझा टी-शर्ट चढवून म्हणतो, “ओझेलाबाई माझ्या आदर्श होत्या. त्यांच्या स्मृतीसाठी नऊ जुलैच्या नगरसभेत मी बसच्या बाजूने हात वर करीन.” तू त्याला तोंडावर रिकामी घागर म्हणाली होतीस, ते तो विसरला. त्याचं एक मत मिळालं तर आपण जिंकतो.

शेवटी मी डीकनना खरं सांगितलं. ते म्हणाले,

“दनीता, नऊ तारखेपर्यंत तिला मेलेलीच राहू दे की. दहाला उठव. तिसऱ्या दिवशी प्रभू उठल्याचा दाखला आपल्याकडे आहेच. हिला तीन आठवडे लागले म्हणायचं.”

मी हसले, आणि मग घरी येऊन रडले. तू असतीस तर, म्हणजे आहेसच, तर म्हणाली असतीस, “खोट्या मरणावर मिळालेल्या बसमध्ये मी पाय ठेवणार नाही.”

मावशी, यादीबद्दल मी वर खोटं लिहिलं. तुझं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. आईचं नाव घेतलं आणि पुढे तुझं आपोआप आलं. तुम्हा दोघींची आठवण मला एकाच जागी दुखते.

सात वर्षांपूर्वी भर सभेत मी तुझ्याकडून केंद्राची किल्ली मागून घेतली. “मावशी, आता तू आराम कर,” म्हटलं. किती गोड आवाजात! चोवीस वर्षं रोज सकाळी तो दरवाजा तू उघडला होतास. तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि विचारलंस, “मला पुरायची इतकी घाई झालीय का गं?” सगळे हसले. मीही हसले. तू हसली नव्हतीस.

पाणी मी आता सोडलं, एवढंच. पुरलं तेव्हाच होतं.

येत्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून मी सांगणार आहे की ओझेलामावशी जिवंत आहे आणि चूक माझी आहे. व्हर्बीना मला सोडणार नाही. पेटिफर्ड शब्द फिरवील. म्हणून विचारते, नऊ जुलैला येशील? तुझ्यादेखत हात खाली घ्यायची त्याची छाती नाही. माझ्यावर ओरडायचं असेल तर सगळ्यांसमोर ओरड. तेही सभेतच व्हायला हवं.

नाही आलीस, तरी या पत्रासोबत पाकिटात घातलेली केंद्राची किल्ली परत पाठवू नकोस. ती तुझीच आहे. कुलूप मी कधी बदललं नाही.

नऊ तारखेला सकाळी मी केंद्राच्या पायरीवर बसून राहीन. दरवाजा मी उघडणार नाही.

तुला जिवंत पाहायला आसुसलेली,
दनीता