सोपटाची गाठ

मास्तर, ते गोळीचं मशीन परत आलंय. स्टेशनरोडच्या शेठच्या हॉटेलातलं, तेच. हॉटेल कधीच बंद झालं, पण माळ्यावर हे गोणपाटाखाली पडून होतं. विरारच्या एका तरुणाने ते उचलून आणलं, आता त्याला ते जसंच्या तसं चालू करून दिवाणखान्यात ठेवायचंय. अशी जुनी मशीनं जमवण्याचा त्याला नाद आहे. चार दिवसांपूर्वी टेम्पोतून ते माझ्या दुकानात उतरलं आणि मी काही बोलायच्या आत त्याने मागचं झाकण काढून दाखवलं. म्हणाला, "काका, हसू नका हं. आत कुणीतरी केळीची बाग लावलीय. असली भंकस रिपेरी मी जन्मात बघितली नाही." मी हसलो नाही. तारांच्या जुडग्यांना ठिकठिकाणी केळीच्या खोडाचं सुकलेलं सोपट बांधलेलं होतं आणि ती गाठ माझी होती. त्या गाठीपायी तुम्ही मला दुकानातून हाकललंत. पंचेचाळीस वर्षं एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय, ती सांगायलाच आज दुपारी कागद घेऊन बसलोय. मास्तर, तुमचं चुकलं होतं.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा काही शेंबडा पोर नव्हतो. चोवीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला, गिरीजच्या वाडीत पानवेली बांधण्यात आणि पाटाला पाणी लावण्यात सात-आठ वर्षं घालवलेला. वाडी तिघा भावांना पुरत नव्हती आणि मला कान होते. रहाटाचा कुठला दात झिजलाय ते मी विहिरीपासून शंभर पावलांवरून सांगायचो. तुम्ही गास गावचे, भातशेतीवाले. लढाईत मुंबईला मिलिटरीच्या वर्कशॉपात वायरलेस दुरुस्त करून आलेले. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर एक बंद पडलेला रेडिओ ठेवलात आणि विचारलंत, "काय आयकू येतं?" मी म्हटलं, "काही नाही. पण खाली डाव्या अंगाला काहीतरी कण्हतंय." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "बस खाली. कान हाय तुला. हात बघू नंतर." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. हाताबद्दल तुम्ही कधीच काही बोलला नाहीत.

मग शेठने मुंबईहून ते मशीन आणलं. लढाई संपल्यावर गोऱ्या सोजिरांच्या कॅन्टीनचं सामान विकायला निघालं, त्यातलं. वसईत तसं काही कुणी पाहिलं नव्हतं. काचेखाली उतरती फळी, फळीवर स्प्रिंगवाले खांब. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जाते, खांबाखांबांना थडकत खाली येते आणि थडकेल तिथे घंटा वाजते, दिवा लागतो. समोरच्या उभ्या काचेवर लाल झग्यातली मड्डम. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की भुईगावची माणसं कोटटोपीत थेट हॉटेलात, आमच्याकडचे वाडीवाले आधीच जागा धरून बसलेले. मशीन दर पंधरा दिवसांनी बंद पडायचं, कारण लोक ते गदागदा हलवायचे. हलवलं की आतल्या तारा घासायच्या, कथलाच्या डागातून सुटायच्या. तुम्ही त्या मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधायचात, वर्कशॉपात शिकवलं होतं तशा, शिपाई उभे केल्यासारख्या सरळ. दिसायला देखणं काम, खोटं नाही बोलणार. पण मला ऐकू यायचं की खांबातल्या कॉइलने गोळीला धक्का दिला की आवळलेली तार गाठीच्या कडेला ताणली जाते, एक बारीक 'टिक' येतो. मी तुम्हाला एकदा सांगितलंही. तुम्ही म्हणालात, "मिलिटरीपेक्शा तू शाना?"

पानवेल कशी बांधतात ते तुम्हाला, भातवाल्याला, कुठून ठाऊक असणार? केळीच्या खोडाचं सोपट सुकवायचं, पाण्यात भिजवून मऊ करायचं, चिरून त्याच्या दोऱ्या करायच्या. त्याने वेल आधाराला बांधायची, पण आवळायची नाही. गाठीत बोट जाईल एवढी जागा ठेवायची, कारण वेल वाढते, वाऱ्याला हलते. आवळली तर गाठीपाशी मान टाकते. माझी आई माझ्या प्रत्येक गाठीत बोट घालून बघायची आणि बोट नाही गेलं तर गाठ सोडायला लावायची. तुम्ही मुंबईला गेलात की मी मशीनच्या तारा तशा बांधू लागलो. जास्त घासणारं एकेक जुडगं, बोटभर ढिलं. तीन महिन्यांत एकही तार सुटली नाही. तुम्हाला वाटलं, मशीन आता स्थिरावलं. मी तसंच वाटू दिलं. हसलो असेन थोडा.

त्या शनिवारी मशीनची फ्यूज गेली. तिसऱ्या खांबाची कॉइल अडकून बसत होती. मी कानानेच ओळखलं, पत्ती वाकवून ती मोकळीही केली. पण फ्यूज आपल्याकडच्या मापाची नव्हती. तुम्ही म्हणालात, "मी सोमवारी मुंबईहून घेऊन येतो. तवर मशीनला हात लावायचा नाय," आणि गाडी धरून गेलात. रविवारी सकाळी शेठ दुकानात हजर. "अरे भल्या माणसा, सगळा गाव येणार, आणि मड्डम अंधारात ठेवू? तुझा मास्तर घड्याळ बघून श्वास घेतो. तुला येतं की नाही तेवढं सांग." मला येत होतं. निदान मला येतं हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी शेठच्याच सिगारेटच्या पाकिटातली चांदी, आतला चकचकीत कागद, काढली, गेलेल्या फ्यूजला गुंडाळली, बसवली. मड्डम उजळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर. तुमच्या कुठल्या कामाला वसईत टाळ्या पडल्या होत्या?

दुपारी तीनच्या सुमाराला ती कॉइल पुन्हा अडकली. फ्यूजचं काम अशा वेळी मरायचं. मी तिला मरू दिलं नव्हतं. आधी वास आला, मग मशीनच्या पोटातून धूर. कुणीतरी चहाचं पातेलं ओतलं, गरम काच तडकली, मड्डमच्या गालावरून चीर गेली. शेठने प्लग खेचला तो तापून मऊ झालेला. त्याचा उजवा तळवा भाजला. महिनाभर तो डाव्या हाताने पाव कापत होता.

सोमवारी तुम्ही आलात. मला तो सोमवार आज दिसतो. हॉटेलात उभं राहायला जागा नाही, शेठ हाताला फडकं गुंडाळून खुर्चीत, मी भिंतीला टेकलेला. तुम्ही मशीनपुढे उकिडवे बसता, झाकण काढता, बॅटरी आत मारता. बराच वेळ आत बघत राहता. मला तुमचा श्वास ऐकू येतोय. मग तुमचा हात बाहेर येतो, बोटात सोपटाची एक सुटी दोरी.

"ह्ये कोनी बांधलं?"

"मी."

"पानवेल लावलीस काय रे शेठच्या मशीनीत? पानी कवा घालतोस? सकाळी का सांजच्याला?"

हॉटेल हसतं. मागून एकजण ओरडतो, "मास्तर, पानं खुडायला कधी येऊ?" पुन्हा हशा. तुम्ही हसत नाही. "सोपट्या," तुम्ही म्हणता, "हे काम नाय. ही वाडी हाय. ज्याला वाडी करायची त्यानं वाडीत जावं. उद्यापासून माझी पायरी चढू नकोस. ह्ये सगळं मी कापून टाकनार."

शेठ म्हणतो, "ते कापा हो, पण माझा हात भाजला कशाने? आग लागली कशाने? ह्याने केलं ना काहीतरी?"

तुम्ही झाकण आपटून लावलंत. "जुनं मशीन. परदेशी करंटावरचं. आपल्या करंटाला नाय टिकलं, त्याला ह्यो काय करनार? ह्याची अक्कल सोपटापत्तूर."

मी त्या दिवशी गिरीजपर्यंत चालत गेलो आणि वाटेत दोन गोष्टी ठरवल्या. एक, ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही. दुसरी गोष्ट ठरवली म्हणण्यापेक्षा कळली असं वाटलं. म्हातारा चुकला. सोपटावर एवढा तणतणला, पण फ्यूज बघितलीच नाही. जिच्यामुळे हॉटेल जळत होतं ती चांदी त्याच्या नाकासमोर होती आणि त्याला दिसली नाही. ज्याचे डोळे असे, त्याने मला हात शिकवावेत? ह्या एका विचारावर मी माझं दुकान उभं केलं.

आणि उभं केलं, मास्तर. सोपट्या हे नाव वसईभर झालं. पहिली दोन वर्षं मी ते ऐकून दात खायचो. तिसऱ्या वर्षी रंगारी बोलावला आणि पाटीवरच लिहून घेतलं: सोपट्या मिस्त्री. लोक हसत आत आले आणि पुन्हा येत राहिले. रहाट गेले, विहिरींवर पंप आले, गिरीजपासून भुईगावापर्यंत वाड्यांतले पंप माझ्या हाताखालून गेले. मी विहिरीच्या काठावर उभा राहून आधी ऐकतो, मग पाना मागतो. तुम्ही गेलात तेव्हा मातीला यायचा निरोप आला होता. मी गासला आलो नाही. पंप उघडा पडलाय, असं घरी सांगितलं. कुठलाही पंप उघडा नव्हता.

आता मशीनचं ऐका. ह्या चार दिवसांत मी ते पूर्ण उकललं. त्या पोराने यादी करायला सांगितलीय, काय काय कापून फेकायचं त्याची. मी यादी केली. तुम्ही पूर्वी मेणाच्या दोऱ्याने आवळलेल्या जुडग्यांत पाच तारा तुटल्यात, पाचही गाठीच्या कडेला, जिथे मला 'टिक' ऐकू यायचा तिथेच. माझ्या सोपटातली एकही नाही. सोपट आता एवढं ठिसूळ झालंय की जोरात फुंकर मारली तर चुरा होईल, पण आत तारा जशाच्या तशा. मी गाठीत करंगळी घालून बघितली. गेली. मी त्या पोराला स्पष्ट सांगितलंय, तुला मशीन चालू हवं असेल तर चालू करून देतो, पण ह्या गाठी राहतील. तो म्हणाला, "काका, लोक हसतील." मी म्हटलं, "हसू दे. हसणाऱ्यांनीच माझी पाटी रंगवली."

एक मात्र मला समजत नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हे सगळं मी कापून टाकणार. मग ह्या गाठी इथे कशा? तुम्ही तर म्हणे आठवडाभर हे मशीन दुकानात घेऊन बसला होतात. जळलेल्या तारा बदलल्यात, तुमचे डाग मी कुठेही ओळखेन, ज्वारीच्या दाण्यासारखे. माझ्या गाठींच्या मधून, त्यांना धक्का न लावता, तुम्ही नव्या तारा ओढल्यात. एके ठिकाणी तर जळून तुटलेल्या माझ्या गाठीच्या जागी मेणाचाच दोरा आहे, पण ढिला. बोटभर.

काल संध्याकाळी खालची फळी सोडवली, तेव्हा फ्यूजची जागा दिसली. तुम्ही फ्यूज बसवायची नवी बैठक लावलीत, दोन्ही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत, तुमच्या पद्धतीने. आणि जुनी बैठक काढून टाकली नाहीत. ती शेजारीच आहे, जळून काळी, एकही तार न जोडलेली. तिच्यात सिगारेटची चांदी अजून चिकटलेली आहे. तुम्ही तिच्या आजूबाजूची काजळी पुसलीय, चांदीला हात लावलेला नाही.

म्हणजे तुम्ही बघितली होती. त्या सोमवारी, बॅटरी मारून, बराच वेळ. हात भाजलेला शेठ बाजूला बसलेला असताना तुम्ही आत ती चांदी बघितलीत आणि हात बाहेर काढलात तो सोपट घेऊन. चांदी सगळ्यांसमोर बाहेर काढली असतीत तर मला वसईत कुणी पंखासुद्धा दुरुस्तीला दिला नसता. सोपटावर लोक हसले, आणि हसून विसरले. मी उभा होतो भिंतीला टेकून, एवढे कान घेऊन, आणि तुम्ही झाकण का आपटलंत ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, राग.

तरी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. सोपटाबद्दल तुमचं चुकलंच होतं, आणि तो ढिला दोरा सांगतोय की ते तुम्हालाही कळलं होतं. मग गिरीजला एक निरोप धाडायला काय झालं होतं? पायरी तुमची होती.

पण एक सांगायचं राहिलं. काल फळी सोडवली तेव्हा तो पोरगा शेजारीच होता. त्याने ती जळकी बैठक बघितली, चांदी बघितली, शीळ घातली. "काका, हा कोण महाभाग? हॉटेल पेटवलं असतं ह्याने." मी पुसायचं फडकं घडी करत होतो. म्हटलं, "आमचे मास्तर. वय झालं होतं." तोंडातून निघून गेलं. चांगलं रुळलेल्या चाकासारखं निघालं, जरासुद्धा कुरकुरलं नाही.

तो परवा मशीन न्यायला येईल. हे पत्र त्या जुन्या बैठकीखाली ठेवून फळी बंद करावी असं लिहायला बसलो तेव्हा मनात होतं. पण तो पुन्हा कधीतरी उघडणार, वाचणार. म्हणून घडी करून माझ्याच खिशात ठेवतोय. पाटी रंगवायची हिंमत होती मास्तर, ही अजून नाही.