मनगटावरचा भरवसा

राजाजीनगर, बेंगळुरू
८ फेब्रुवारी २०२५

चि. शाल्मलीस बसवंतकाकाचे अ. उ. आ.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून ड्रायव्हर नागराजच्या हाती पत्र पाठवतोय.

काल बेळ्ळंदूरला तुझ्या कंपनीत येऊन गेलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, स्वल्प थांबा. थांबलो, आणि पार्टिशनमागून तुमचा शुक्रवारचा कार्यक्रम ऐकला. बूट काढून गोल बसायचं, प्रत्येकाने आपली अनिश्चितता बोलायची, सगळ्यांनी मिळून श्वास सोडायचा आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. मी चिकपेटेत काठ्या-कुबड्या विकून घर बांधलं, पण धंद्यातली भीती नाकपुडीवाटे बाहेर काढता येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारं माणूस पडलं की मनगटावर वाजणारा तुमचा पट्टा म्हणे धाडकन पडलं तरच वाजतो. भिंतीला टेकून हळू घसरलं तर गप्प. तुझा भागीदार ध्रुव स्वतःच बोलला. वाजेल कसा? चाचणीसाठी योगाच्या गाद्यांवर पडले ते पंचविशीतले इंजिनिअर. मग तुम्ही श्वास सोडलात आणि केक कापलात.

वृद्धाश्रमात पट्टे आधीच बांधलेत ना? १६ तारखेच्या रविवारचा, गुंतवणूकदारांना पट्टा दाखवायचा समारंभ राहू दे. आधी ते काढ.

काकूने डिंकाचे लाडू दिलेत, ध्रुवला देऊ नकोस. लोभ तोडायचा असेल तर डबा परत कर.

तुझा बसवंतकाका

बेळ्ळंदूर
११ फेब्रुवारी

ती. काकांस शाल्मलीचा शि. सा. न.

लाडू संपले, म्हणजे लोभ राहिला. चोरून ऐकता याची तक्रार काकूकडे करणार आहे.

काका, आमच्या क्षेत्रात शंभर टक्के काहीच नसतं. परवानगी अडकेल, गुंतवणूकदार पाठ फिरवतील, सांगता येत नाही. गोल बसलो नाही तर वेड लागेल. समारंभ पुढे ढकलला तर कंपनी बुडेल. ध्रुव म्हणतो, काहीच नसण्यापेक्षा थोडा वाजणारा पट्टा बरा. रविवारनंतर बघू.

रागावलात तरी माया असू द्या.

शाल्मली

राजाजीनगर
१२ फेब्रुवारी

चि. शाल्मलीस अ. उ. आ.

काकू म्हणते पोर घाबरलीय. मी म्हटलं, घाबरली असती तर बरं होतं.

परवानगी मिळेल का, हे तुला माहीत नाही. पट्टा वाजणार नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. दोन्हींना अनिश्चितता म्हणून श्वास सोडता, याला चिकपेटेत वेगळा शब्द आहे. काकू लिहू देत नाही.

आश्रमात जाऊन तासभर बस. बूट घालूनच जा.

काकूच्या धाकापोटी इथेच थांबतो.

बसवंतकाका

बेळ्ळंदूर
१५ फेब्रुवारी

ती. काका-काकूंस शि. सा. न.

आज आश्रमात गेले. तिथल्या अहल्याआजी बाथरूमला जाताना आयाला हाक मारायच्या. पट्टा बांधल्यापासून मारत नाहीत. आता कोणाला त्रास द्यावा लागत नाही, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं आणि भिंत चाचपत एकट्या निघाल्या.

मी सगळे पट्टे काढून घेतले. आजी हात मागे ओढत होत्या, माझं काय चुकलं म्हणून विचारत होत्या. उद्याचा समारंभ रद्द केला. ध्रुवला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला की शुक्रवारी गोलात बोल. कंपनी बहुतेक राहणार नाही.

संध्याकाळपर्यंत तिथेच होते. आजींना बाथरूमला जायचं होतं. बराच वेळ त्या रिकाम्या मनगटाकडे बघत बसल्या. मग हळूच आयाला हाक मारली.

घरी आले की पोटभर बोला, पण दार उघडं असू द्या.

शाल्मली