रांग छत्तीस, आसन सात आणि आठ

मी, बर्नाडिन ड्रोझ्ड, वय ७८, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार चीक्टोवागा, बफेलोजवळ, पूर्ण शुद्धीत हे लिहिते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. आणू पाहणारा एक भाऊ आहे, त्याचा हिशेब खाली आहे.

१. घर भाची जेनेव्हीव्हला.

२. बँकेतली शिल्लक ज्या मठातल्या सिस्टर्सनी आम्हा भावंडांना शिकवलं, त्या मठाला. खोटं बोललं की त्या हातावर पट्टी मारत. माझा भाऊ कॅसिमिर याच्यावर त्या सगळ्या पट्ट्या फुकट गेल्या.

३. बर्फ काढायचं फावडं कॅसिमिरला. कुठूनही लवकर निघायची त्याला हौस आहे.

४. स्टेडियममधल्या माझ्या दोन कायमच्या जागा, ज्यांवर कॅसिमिरचा डोळा आहे.

३ जानेवारी १९९३ रोजी आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बत्तीस गुणांनी मागे पडला, तेव्हा हा उठला.

"चल बर्नी, गर्दीच्या आधी गाडी काढू. हे मुडदे आता काय जिंकतात!"

"तू जा. मी शेवटपर्यंतचं तिकीट काढलंय."

गेला. गाडीही घेऊन गेला. आणि संघ जिंकला. एवढी पिछाडी तोवर कुणीच भरून काढली नव्हती. मी शेजारच्या आसनावरच्या ओडेल प्रुइटच्या ट्रकमधून घरी आले.

तिकिटं उरली की घरच्या भागात प्रक्षेपण बंद, असा तेव्हा नियम होता, म्हणून आमच्या भागात सामना टीव्हीवर दाखवलाच नाही. कॅसिमिरनं तो गाडीतल्या रेडिओवर ऐकला, धावत परत आला आणि स्टेडियमच्या कुंपणावर पँट अडकून लोंबकळला; आत पोचलाच नाही. तरी गेली वीस वर्षं हा गृहस्थ प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाप्तिस्म्यात सामना जिंकून देणारी शेवटची किक हातवारे करून दाखवतो. शब्द सगळे रेडिओवाल्याचे. त्याची नातवंडं टाळ्या वाजवतात. मी हॅम चावत राहते.

म्हणून अट अशी: माझ्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे नाश्त्याला बसले की त्यानं उभं राहून, नातवंडांसमोर, "मी तिथे नव्हतो" म्हणावं. म्हणाला तर दोन्ही जागा त्याच्या. नाहीतर ओडेलच्या.

हे काल त्याला वाचून दाखवलं. आधी ओरडला, मग खुर्चीत बसला.

"तू आत होतीस, बर्नी. बाहेर कुंपणापाशी उभं राहून तो आवाज ऐकणं काय असतं, तुला नाही कळायचं."

वीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. पण स्वयंपाकघरात, माझ्या एकटीसमोर. ते धरायचं नाही. अट कायम.

स्थळ: चीक्टोवागा. ९ ऑक्टोबर २०१२.
सही: बर्नाडिन ड्रोझ्ड
आमच्यादेखत सही केली:
सिस्टर मेरी क्लेमेन्शिया
लिओनार्ड पाजोंक, शेजारी