राखी बदकांच्या तळ्याची वाट

मी, व्हेल्मा ओतमाँ, माहेरची पित्र, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कोळंबीची जाळी दुरुस्त करणे व हंगामात बदकांची शिकार, राहणार बायू देझ्वा, लुइझियाना, असे लिहून ठेवते की माझा उजवा खुबा पोलादाचा असला तरी डोके माझे स्वतःचे आहे आणि ते ठिकाणावर आहे. हा लेख मी आपल्या हाताने, आपल्या स्वयंपाकघरात, कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. मार्च महिन्यात इस्पितळात लिहून घेतलेले माझे आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात मी होडी विकून टाका असे म्हटले होते. ते मी बोलत नव्हते, गुंगीचे औषध बोलत होते.

कलम एक. खांबांवरचे राहते घर, त्याखालची जागा, बँकेत जे काही असेल ते आणि मांस ठेवायचा मोठा फ्रीझर माझी एकुलती एक मुलगी रेनेला हिला मिळावा. रेनेला परिचारिका आहे. माझ्या गोळ्या ती मोजते, माझी पावले मोजते, कधी कधी माझे श्वाससुद्धा मोजते. तिचे माझ्यावर प्रेम आहे हे मला ठाऊक आहे, तरी ते सोसायला जड जाते हेही इथे नमूद करते.

कलम दोन. होडी. माझा दिवंगत नवरा नोलन याने स्वतः बांधलेली पिरोग, सपाट बुडाची, चिंचोळी, सोळा फुटांची, तसेच ती रेटायची काठी व एक वल्हे. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

मार्चमध्ये धक्क्याच्या शेवाळावरून माझा पाय घसरला आणि खुबा मोडला. घरी आल्यावर रेनेलाने गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. मी अडवले तेव्हा म्हणाली, "आई, तू स्वतःच सांगितलंस, होडी वीक."

"तेव्हा मी तुला नोलन म्हणूनही हाक मारली होती," मी म्हटले. "त्याचं काय करायचं?"

शेवटी तिने अट घातली. "हंगामाच्या पहिल्या दिवशी मी धक्क्यावर येणार. कुणाचाही हात न धरता होडीत चढायचं आणि कुणाचाही हात न धरता उतरायचं. जमलं तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर सोमवारी होडी विकली."

मी कबूल केले. जून ते नोव्हेंबर मी दुसरे काही केले नाही. छातीपर्यंतचे रबरी बूट घालून घरामागच्या चिखलाच्या चरात रोज सकाळी चालले, आधी दहा पावले, मग वीस, मग कुंपणापर्यंत. होडी अंगणातल्या गवतावर ठेवून तिच्यात चढले आणि उतरले. माझी शेजारीण लाम थी हुएन पायरीवर बसून कोळंबी सोलायची आणि आकडा पुकारायची. एकदा चढताना मी तोंडावर पडले, तर म्हणाली, "अठ्ठावीस. हा धरायचा की नाही?"

"धर," मी गवत थुंकत म्हटले.

ऑगस्टमध्ये खरी बदके भुलवायला पाण्यावर सोडायची खोटी लाकडी बदके रंगवली. सप्टेंबरमध्ये बुटांना ठिगळे लावली. ऑक्टोबरमध्ये हुएनच्या हाताचा आधार घेऊन तीनदा सरकारी खाजणात पाहणीला गेले. तिथे कुणाच्या नावाची जागा नसते. पहाटे चारला फाटक उघडते, जो आधी पोचेल त्याचे तळे, आणि आडोसा म्हणून उभारलेले गवतसुद्धा जाताना मोडून न्यावे लागते. तरण्या पोरांच्या होड्यांना दणकट इंजिने असतात. त्यांच्याशी शर्यत लावणे मूर्खपणा. म्हणून मी इंजिनाला मनाई असलेला भाग धुंडाळला, आणि बोरूच्या दाट रानामागे एक तळे सापडले. गुडघाभर पाणी, तळाशी बदकांना आवडणारे गवत, वर राखी बदकांची पिसे तरंगत होती. धक्क्यापासून काठीचे सातशे दहा रेटे. मी मोजले आहेत.

कलम तीन. येथे माझा थोरला भाऊ क्लोव्हिस पित्र याचा हिशोब येतो.

एकेचाळीस वर्षांपूर्वी आमचे बाबा वारले. क्लोव्हिस म्हणाला, बाबांनी दुनळी बंदूक त्याला दिली. शेवटच्या दिवशी खाटेजवळ तोच होता, तेव्हा मी काय बोलणार? मग बाबांच्या खाजणाची जमीन त्याने एका शिकारी क्लबाला दिली, स्वतः सभासद झाला आणि कालव्यावर साखळी घातली. मी विचारायला गेले तर म्हणाला, "क्लबात बायका घेत नाहीत. नियम माझा नाही." त्यानंतर दर सणाला जेवणाच्या टेबलावर त्याचे एकच पालुपद: "काय व्हेल्मा, सरकारी खाजणात बदकं कमी आणि माणसं जास्त, होय ना?" यंदाच्या ईस्टरला तर माझ्या आधाराच्या काठीकडे बघून म्हणाला, "आता खुर्चीत बस आणि बदकं टीव्हीवर बघ." मी ताट उचलले आणि घरी आले.

आता हंगामाच्या पहिल्या दिवसाचे. मी, हुएन आणि माझी कुत्री मिन्यों पहाटे सरकारी खाजणाच्या धक्क्यावर पोचलो. रेनेला बॅटरी घेऊन हजर होती. परवान्याच्या पेटीपाशी एक म्हातारा कागद नाकाशी धरून उभा होता. क्लोव्हिस! काखेत गोधडीत गुंडाळलेले काहीतरी लांब.

"चष्मा विसरलो," तो म्हणाला. "यात काय भरायचं असतं?"

"नाव. तुझं माहीत आहे ना?" मी पेन घेतले. "क्लबाचं काय झालं?"

"खारं पाणी शिरलं. गवत मेलं सगळं. दोन वर्षं झाली, एक बदक उतरत नाही." मग म्हणाला, "सांगायची लाज वाटली."

गोधडीतून नळीचे टोक दिसत होते. मी म्हटले, "बाबांची दुनळी? हिच्यात पोलादी छर्रे घातलेस तर नळी फाटेल, आणि शिशाच्या छर्ऱ्यांना इथे बंदी आहे. एवढंही ठाऊक नाही?"

"घालायला नाही आणली. द्यायला आणली. माझी दुसरी बंदूक आहे गाडीत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बाबा शेवटी म्हणाले होते, दुनळी व्हेल्माला दे, तिचा नेम तुझ्यापेक्षा बरा आहे. माझ्या घशाखाली उतरलं नाही गं ते."

एकेचाळीस वर्षे मी मनात भाषणे रचली होती. बाबांना माझा नेम दिसला होता, एवढेच कानात घुमत राहिले. मी दुनळी घेतली, रेनेलाच्या हातात दिली आणि होडीकडे वळले. डावा गुडघा कडेवर, दोन्ही तळवे फळीवर, मग पोलादाचा खुबा उचलून आत. होडी डुलली. हुएनने आकडा पुकारला नाही. मी बसले, काठी हातात घेतली. रेनेलाने बॅटरी विझवली, आणि अंधारात तिच्या नाकाचा सूं सूं आवाज मला ऐकू आला.

मग मी भावाला म्हटले, "पुढे बस. वल्हव. आणि तोंड बंद."

त्याने तिन्ही गोष्टी केल्या. हुएन तिच्या होडीत कुत्री घेऊन मागे. उजाडताना तळ्यावर आम्ही तिघे म्हातारे बोरूच्या आडोशात होड्यांतच दडून बसलो होतो. बदकांना बोलवायची शिट्टी मी दोनदाच वाजवली, हळू. राखी बदकांचा थवा वळला, पंख आखडून सरळ आमच्या खोट्या बदकांवर उतरू लागला. माझ्या नेहमीच्या बंदुकीच्या आठ काडतुसांत माझी सहा बदके झाली, म्हणजे कायद्याने एका दिवसाला जेवढी मिळतात तेवढी. हुएनची पाच. क्लोव्हिसची दोन, आणि त्यातले एक खरे तर माझे होते, पण मी बोलले नाही. (आता बोलले.)

दहाच्या सुमारास परतलो. धक्क्यावर मोठ्या इंजिनांची चार पोरे तीन बदके घेऊन उभी होती. मी गळ्यात सहा बदके अडकवून, कुणाचा हात न धरता होडीतून उतरले.

"मावशी, कुठं बसला होता?" एकाने विचारले.

"पाण्यात," मी म्हटले.

रेनेलाने शब्द पाळला. संध्याकाळी बदकांचा गंबो, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, तिनेच रटरटवला, आणि भात वाढताना हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी मला नेशील?"

म्हणून होडी, काठी व बाबांची दुनळी रेनेलाला. दुनळी कधी विकू नये, कधी झाडूही नये. तळ्याच्या वाटेचा नकाशा बंद पाकिटात आहे, तोही तिलाच. क्लोव्हिसला पहिल्या दिवशी होडीतली पुढची जागा हयात असेतो मिळावी, तो वल्हवीत असेल तर. बाबांच्या जमिनीतला माझा वाटा मी मागत नाही. त्याला मी माफ केले आहे. ईस्टरच्या टोमण्याचे मात्र अजून ठरलेले नाही.

कलम चार. नोलनने कोरलेली बावीस लाकडी बदके आणि मिन्यों ही कुत्री हुएनला. मी तिला साक्षीदार व्हायला सांगितले होते. वकील म्हणाले, साक्षीदाराने या कागदातून काही घेऊ नये. हुएन लगेच म्हणाली, "मग सही दुसऱ्या कुणाची घे. मला कुत्री हवी."

कलम पाच. सरकारी खाजण, त्यातले पाणी, बोरू आणि वरचे आभाळ मला कुणाच्या नावे करता येत नाही. पूर्वी याचे वैषम्य वाटे. आता वाटत नाही. ज्याच्याकडे परवान्याचा कागद आणि चिखलात चालायची तयारी आहे, त्याला ते आधीच मिळालेले आहे. त्याला साखळी घालू देऊ नये, एवढी माझी आज्ञा.

कलम सहा. माझा अंत्यविधी हंगामातल्या शनिवारी ठेवू नये. ठेवल्यास कुणी येणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

वकील म्हणाले, आमच्या राज्यात स्वहस्ताक्षर असले की साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. माझ्या सासरचे आणि माहेरचे दोन्हीकडचे लोक मी ओळखून आहे.

लिहून ठेवणार: व्हेल्मा पित्र ओतमाँ (सही)

साक्षीदार:
१. उर्सिन शेरामी, आमिषाच्या दुकानाचा मालक. (सही)
२. ज्युनी फालगू, निवृत्त शाळा-बसचालक. (सही) दोघांनी मला सही करताना पाहिले. वरचा मजकूर वर्तमानपत्राने झाकला होता. उर्सिनने दोनदा कोपरा उचलायचा प्रयत्न केला.

ठिकाण: बायू देझ्वा. मंगळवार, १२ डिसेंबर २०२३.

ता. क. आत्ताच खिडकी आपटली. उत्तरेचा वारा सुटला आहे, आणि मधली बंदी संपून शनिवारी हंगामाचा दुसरा भाग उघडतो. या मृत्युपत्राचे पाकीट उघडायची कुणी घाई करू नये. मी कामात आहे.